घरातल्या मांजराच्या खोडी

मांजर फार त्रास देऊ लागले की त्याला पोत्यात घालावे, पोत्याचे तोंड सुतळीने बांधावे आणि नदीपलीकडे किंवा एखाद्या लांबच्या बाजारात नेऊन सोडावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाड्यांच्या आणि कौलारू घरांच्या काळात तिच्यात फारसे क्रौर्य आहे असे कोणाला वाटत नसे. त्या काळचे मांजर अर्धे घरचे आणि अर्धे आळीचे असे. उंदीर धरणे, माळ्यावर निजणे, भिंतींवरून हिंडणे हा त्याचा नित्यक्रम होता. नव्या आळीतही ते कसेबसे तगून जाई. पुष्कळदा तर चार दिवसांनी आपल्या पावलांनी परत येऊन चुलीपाशी बसलेले आढळे.

दिल्लीत आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या शहरांत आज जे मांजर पाळले जाते त्याची स्थिती अगदी वेगळी आहे. पिल्लू असतानाच ते दहाव्या-बाराव्या मजल्यावरील सदनिकेत येते. जमिनीला त्याचे पाय क्वचितच लागतात, कुत्र्यांशी त्याचा कधी सामना झालेला नसतो आणि अन्न त्याला ताटलीतून मिळते. असे मांजर यमुनेपलीकडे नेऊन सोडणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या, मोटारींच्या आणि भुकेच्या स्वाधीन करणे होय. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने, उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. प्राणिसेवा करणाऱ्या संस्थांकडे मांजर नेऊन द्यावे म्हटले, तर १९७९ मध्ये स्थापन झालेली फ्रेंडिकोज किंवा राजा गार्डनमधील संजय गांधी प्राणी सेवा केंद्र यांसारख्या ठिकाणी जखमी आणि आजारी जनावरांचीच इतकी गर्दी असते की धडधाकट मांजराला तेथे सुखाची जागा मिळणे कठीण.

मांजर घरातून जाते ते बहुधा तीन-चार ठराविक कारणांनी. ते गादीवर लघवी करते, खुर्च्या व पडदे ओरबाडते, चावते, किंवा रात्री ओरडून घर जागे ठेवते. धनी याला खोडी म्हणतो. कधी सूड, तर कधी कृतघ्नपणा म्हणतो. वस्तुतः यांपैकी बहुतेक गोष्टी मांजराच्या दृष्टीने अगदी साधारण आहेत. त्यांची जागा किंवा वेळ तेवढी चुकलेली असते. उरलेल्या काही गोष्टी आजाराच्या खुणा असतात. हा भेद ज्याला करता आला त्याला मांजर घराबाहेर काढण्याची वेळ सहसा येत नाही.

वाळवंटातील पूर्वज

मांजराचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याच्या कुळाकडे पाहिले पाहिजे. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे होते. नायकाचे ऐकणे त्यांच्या रक्तातच होते. मांजराचे पूर्वज एकटे शिकार करणारे, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांतले रानमांजर होते. जगभरच्या शेकडो मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सर्व पाळीव मांजरे पश्चिम आशियाच्या या रानमांजरापासून आली असल्याचे दिसून आले. आपल्या थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये ठिपक्यांचे जे रानमांजर आढळते ते या पूर्वजाचे भावंड आहे, परंतु घरच्या मांजराचा मूळपुरुष ते नव्हे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या जवळच पुरलेले मांजर सापडले आहे. धान्याची कोठारे, कोठारांत उंदीर आणि उंदरांमागे मांजर, अशा क्रमाने ते माणसाजवळ आले. त्याला कोणी जुंपले नाही, राखणीला बसविले नाही की आज्ञा पाळायला शिकविले नाही. जे काम ते आपल्यासाठी करीत होते ते ते स्वतःसाठीही करीतच होते.

या पूर्वजाकडून मांजराला तीन गोष्टी मिळाल्या. आपल्या टापूविषयी कमालीची आस्था ही पहिली. दुसरी म्हणजे वासाच्या खुणांनी तो टापू आखण्याची सवय. तिसरी गोष्ट अशी की, तहान कमी लागणे आणि मूत्र अत्यंत दाट असणे. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारींची मुळे या तिहींत सापडतात.

याशिवाय प्रत्येक मांजराचा स्वतःचा इतिहास असतो. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, पिल्लाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांनी त्याला प्रेमाने हाताळले तर ते जन्मभर माणसाळलेले राहते. हा काळ टळला तर पुढे कितीही लाड केले तरी ते पाहुण्यांना पाहून कपाटाखाली दडते. जिन्याखालून तीन महिन्यांचे रानटी पिल्लू उचलून आणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या भित्रेपणात धन्याचा काही दोष नसतो, आणि पिल्लाचाही नसतो.

पेटीतील मांजरे

मांजराविषयी माणसाचा किती सहज गैरसमज होतो याची एक गमतीदार कथा मानसशास्त्राच्या इतिहासातच आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडून, ती कडी उघडायला कशी शिकतात हे पाहिले. मांजरे धडपडत, योगायोगाने कडी निघे, बाहेर अन्न मिळे, आणि हळूहळू निरर्थक धडपड गळून नेमकी हालचाल तेवढी उरे. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा होतो ती पुन्हा केली जाते, हा त्याचा सिद्धान्त पुढे प्रसिद्ध झाला.

त्यानंतर गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी काचेची समोरची बाजू असलेली पेटी बनविली. तिच्यात उभा असलेला दांडा थोडा कलला की दार उघडे. त्यांनी शेकडो सुटका टिपून १९४६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. बहुतेक मांजरे प्रत्येक वेळी अगदी त्याच पद्धतीने दांड्याला अंग घासून बाहेर पडत होती. शिकलेली हालचाल कशी यांत्रिक होते याचा हा उत्तम पुरावा आहे, असा निष्कर्ष निघाला आणि तो बरीच वर्षे मानला गेला. १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी तशीच पेटी करून पाहिली, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. समोर माणूस बसलेला दिसला की मांजर दांड्याला अंग घाशी. माणूस उठून गेला की घाशीत नसे. दार उघडण्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता. ते बिचारे आपल्या रीतीने निरीक्षकांना नमस्कार करीत होते! विद्वान मंडळी ज्याला सुटकेची युक्ती समजली ते साधे स्वागत होते. विद्वानांची ही गत, तर थकून घरी आलेल्या गृहस्थाला गादीवरचे मूत्र सूडबुद्धीचे वाटले यात नवल नाही.

लघवीची तक्रार

सर्वांत अधिक मांजरांचे घर तुटते ते याच तक्रारीपायी. म्हणून तिचा विचार सविस्तर केला पाहिजे. प्रथम पाहायचे ते हे की, मांजर बसून लघवी करते की उभे राहून मागे फवारा मारते. फवारा मारणारे मांजर शेपूट ताठ उभी करते, तिचे टोक थरथरते आणि दारापाशी, खिडकीखाली किंवा नव्या सामानावर उभी ओली रेघ उमटते. ही वासाची पाटी होय. वयात आलेला बोका ती हमखास लावतो आणि कधी कधी भाटीही लावते. बोक्याचे खच्चीकरण केले तर दहापैकी जवळजवळ नऊ बोके फवारणे, भटकणे व मारामारी सोडून देतात, असे १९७३ पासूनच्या अभ्यासांत आढळले आहे. नोएडात २०२२ च्या अखेरीस प्राधिकरणाने पाळीव कुत्र्यांप्रमाणेच मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली आणि त्यांची लस व नसबंदी यांबाबत नियम केले. दंडाच्या भीतीने का होईना, ही शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर पुष्कळ घरांतील दुर्गंधी आणि पुष्कळ मांजरांचे हाल टळतील.

जे मांजर बसून, परंतु भलत्या ठिकाणी लघवी करते, त्याची गोष्ट निराळी. अशा मांजराला रागावण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. निदान एक गोष्ट तरी त्याच क्षणी तपासावी. ते पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये किंवा कोपऱ्यात बसते, कुंथते, ओरडते आणि थेंबच पडतात किंवा काहीच पडत नाही, असे आहे काय? बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. दाट मूत्रातील खडे किंवा चिकट द्रव्य तिच्यात अडकले की लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. धनी मात्र तो हट्टाने गादीवर बसतो म्हणून त्याला हुसकावीत असतो. असा बोका त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, पशुवैद्याकडे गेला पाहिजे. दिल्लीच्या उन्हाळ्यात, केवळ कोरड्या दाण्यांवर पोसलेल्या मांजराच्या बाबतीत हा धोका विशेष ध्यानात ठेवावा. वाळवंटी पूर्वजाला भक्ष्याच्या मांसातून पाणी मिळे. दाण्यांतून ते मिळत नाही. अन्न ओलसर द्यावे, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावी आणि ती जेवणापासून दूर असावीत. कूलरच्या टाकीतले किंवा ठिबकणाऱ्या नळाचे पाणी अनेक मांजरांना विशेष आवडते. नळाची आवड पुरवावी. कूलरचे शिळे पाणी मात्र पिऊ देऊ नये.

खडा नाही, जंतू नाहीत, तरी मूत्राशयाला सूज, असेही पुष्कळदा आढळते. तरुण मांजरांत तर हेच अधिक. ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्याचे एक मूळ मांजराच्या मनावरील ताणात असल्याचे दाखविले. २०११ मध्ये त्यांच्या गटाने एक उद्बोधक गोष्ट प्रसिद्ध केली. हे दुखणे असलेल्या २० आणि निरोगी १२ मांजरांवर ७७ आठवडे नजर ठेवली असता, सांभाळणारा माणूस बदलणे, जेवणाची वेळ चुकणे अशा घटनांनंतर निरोगी मांजरेसुद्धा ओकू लागली, अन्न टाकू लागली, ट्रेबाहेर घाण करू लागली. घरचे लोक गावाहून परत आले तर गादी भिजलेली दिसते आणि ते म्हणतात, ‘आम्ही गेलो म्हणून याने राग काढला.’ खरे पाहता ते मांजर आजारी पडलेले असते.

शरीर निरोगी ठरले की मग ट्रेकडे वळावे. बहुतेक घरांत एकच ट्रे असतो, तोही धुण्याच्या यंत्राशेजारी किंवा संडासाच्या कोपऱ्यात, जेथे दार आपटते आणि यंत्र अचानक घरघरते. मांजर एकदा तेथे दचकले की पुन्हा त्या जागेवर विश्वास ठेवीत नाही. जितकी मांजरे तितके ट्रे आणि वर एक जास्त, हा पशुवैद्यांचा ठोकताळा चांगला आहे. ट्रे मोठा व उघडा असावा, त्यात सुगंधी भुकटी नसावी, आणि मैला दिवसातून एकदा तरी काढलेला असावा. माणसाला न जाणवणारा वास मांजराला असह्य होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गावी नसते. वाळूच्या बाबतीत मांजराचे मत विचारावे: दोन ट्रेमध्ये दोन प्रकारची वाळू ठेवली की चार दिवसांत उत्तर मिळते. दिल्लीत बांधकामाची बारीक रेती सहज मिळते आणि अनेक मांजरांना तीच आवडते. ती धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरावी.

भिजलेली जागा स्वच्छ करताना आपल्याकडे एक घातक चूक होते. मोलकरीण किंवा गृहिणी तेथे फिनाईल ओतते. फिनाईलमधील द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या मांजराला त्यापासून विषबाधा होऊ शकते. मांजराला दूर ठेवण्यासाठी कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकणे हेही तितकेच वाईट. अमोनियाचे द्रावण तर उलट मूत्रासारखेच वास मारते आणि मांजराला पुन्हा त्याच जागी बोलावते. कोमट पाणी आणि धुण्याची साधी पावडर, त्यानंतर स्वच्छ पाणी आणि शेवटी थोडे स्पिरिट एवढे पुरते. नंतर त्या जागेवर मांजराची जेवणाची ताटली ठेवावी. जेवणाच्या जागी घाण करणे मांजराला रुचत नाही.

ओरबाडणे

या तक्रारीत फार गुंतून पडण्याचे कारण नाही, कारण तिचा उपाय सोपा आहे. नखांवरचे जुने कवच काढणे, झोपेतून उठल्यावर पाठ ताणणे आणि पंज्यांतील ग्रंथींचा वास लावून ठेवणे या तीन हेतूंनी मांजर ओरबाडते. त्याला ते बंद करता येणार नाही. कोठे ओरबाडावे एवढेच ठरविता येते. मांजर पूर्ण ताणून उभे राहील इतका, म्हणजे हातभराहून बराच उंच, जड बुडाचा खांब करावा आणि त्याला काथ्या किंवा गोणपाट घट्ट गुंडाळावे. हलणारा खांब मांजर एकदाच वापरते. खांब ओरबाडलेल्या सोफ्याच्या अगदी शेजारी उभा करावा. माळ्यावर ठेवला तर त्याचा उपयोग नाही. दिल्लीच्या रस्त्यांवर मिळणारे सरकंड्याचे मोढे मांजरांना इतके प्रिय आहेत की एक जुना मोढा त्यांना दान करून टाकणेच शहाणपणाचे. परदेशांत काही ठिकाणी मांजराची नखे कायमची काढून टाकीत. त्या शस्त्रक्रियेत नखाबरोबर बोटाचे शेवटचे हाडही कापले जाते. असे मांजर पुढे चावरे होते आणि दुखणाऱ्या पंज्यांनी वाळू उकरणे टाळते. म्हणजे एक तक्रार मिटवून दोन विकत घेतल्यासारखे होते.

चावणे आणि काचेपलीकडचे पारवे

पिल्लाला हाताच्या बोटांनी खेळविणारा धनीच चावऱ्या मांजराचा गुरू असतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दात गुदगुल्या करतात. वर्षाच्या बोक्याचे तेच दात रक्त काढतात, आणि मग त्याला मार बसतो. खेळ नेहमी दोरीला बांधलेल्या चिंधीने किंवा पिसाने खेळावा. हात हे फक्त कुरवाळण्यासाठी आणि खाऊ घालण्यासाठी आहेत, हे पिल्लाला लवकर कळले पाहिजे.

कुरवाळता कुरवाळता अचानक चावणारे मांजर दुटप्पी नसते. त्याने आधी सूचना दिलेली असते: शेपटीचे टोक हलू लागते, कातडी थरथरते, कान मागे वळतात. गाल आणि हनुवटी चोळून घेणे बहुतेक मांजरांना आवडते. पोट आणि शेपटीचा बुंधा यांना हात लावलेला पुष्कळांना खपत नाही. या खुणा ओळखून आधीच हात काढून घेतला तर चावा बसत नाही. एरवी शांत असलेले मांजर एकाएकी चावू लागले तर मात्र दात, सांधे किंवा कान दुखत असल्याची शंका घ्यावी. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. मांजरालाही रेबीज होतो. म्हणून घरात राहणाऱ्या मांजरालाही दरवर्षी लस दिली पाहिजे.

दिल्लीच्या घरांत एक विशेष प्रकार पाहायला मिळतो. या शहरांत पारव्यांची संख्या अफाट आहे आणि प्रत्येक गॅलरीच्या कठड्यावर ते बसलेले असतात. काचेच्या आतून मांजर त्यांच्याकडे पाहते, त्याचा जबडा कटकट वाजतो, अंग ताणलेले असते, आणि झेप घेता येत नाही. शेजारच्या घरात तीन-चार मजल्यांच्या डी.डी.ए. वसाहतीतला एखादा परका बोका सज्ज्यावरून डोकावून गेला, तर खळबळ याहून मोठी. अशा क्षणी शेजारून गेलेल्या माणसाच्या पायावर किंवा दुसऱ्या मांजरावर सगळा आवेश उतरतो. कालपर्यंत एका टोपलीत निजणारी दोन मांजरे आज एकमेकांवर फिसकारू लागतात, आणि कारण कोणालाच कळत नाही. मध्ये हात घालू नये. उशी किंवा पुठ्ठा आडवा धरून त्यांना वेगळे करावे आणि काही तास, जरूर तर एक दिवस, वेगळ्या खोल्यांत ठेवावे. काचेचा खालचा भाग दुधी कागदाने झाकावा.

पारव्यांसाठी गॅलरीला जी नायलॉनची जाळी बसवितात तिचा मांजरालाही उपयोग होतो, कारण पारव्यामागे झेप घेऊन खाली पडणाऱ्या मांजरांची संख्या थोडी नाही. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पाच महिन्यांत अशी १३२ मांजरे आली होती. त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली, यावरून मांजर कितीही उंचावरून पडले तरी वाचते अशी समजूत पसरली. जी जागच्या जागी मेली त्यांना रुग्णालयात कोणी आणले नव्हते, हे लोक विसरतात. वाचलेल्यांचेही जबडे, टाळू, छाती आणि पाय मोडलेले होते. जाळी वर्षातून दोनदा ओढून तपासावी. उन्हाने ती कुजते आणि मांजर ती कुरतडते.

चोरी, रात्र आणि फटाके

स्वयंपाकघरातील चोरीची तक्रार पूर्वी शिंके टांगून मिटत असे. आज ती करणाऱ्या मांजराची ताटली पाहावी. दूध-पोळीवर मांजर पोसते ही समजूत खोटी आहे. वाढलेल्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात, त्यातून पुन्हा घाणीची तक्रार उभी राहते. मांजराला मांसातच मिळणारे टॉरीन हे द्रव्य लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७५ मध्ये, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. शाकाहारी घरात मांजर आणण्यापूर्वी या प्रश्नाचा निर्णय झाला पाहिजे. मांजराने घरच्यांचा नेम पाळावा अशी अपेक्षा त्याच्या जिवावर बेतते.

पहाटे चार वाजता ओरडून उठविणाऱ्या मांजराला थॉर्नडाइकचा नियम धन्यापेक्षा चांगला कळलेला असतो. ओरडले की माणूस उठतो आणि ताटली भरतो, हे त्याने ताडलेले असते. रानमांजर दिवसाकाठी आठ-दहा लहान भक्ष्ये धरते. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप असा त्याचा क्रम असतो. रात्री निजण्यापूर्वी चिंधीमागे चांगले दहा मिनिटे पळवावे आणि मग शेवटचे जेवण द्यावे, म्हणजे पुढच्या दोन गोष्टी ते आपण होऊन करते. पहाटेच्या ओरडण्याकडे मात्र पूर्ण दुर्लक्ष करावे लागते. पहिले काही दिवस ओरडणे वाढेल. पाचव्या दिवशी कंटाळून एकदा उठलात तर अधिक ओरडण्याचे फळ मिळते, एवढाच धडा ते शिकेल. वयात आलेली भाटी जानेवारीच्या अखेरीपासून, दिवस मोठे होऊ लागले की, माजावर येऊन जे आर्त ओरडते त्याला हा उपाय लागू नाही. त्याला शस्त्रक्रियाच हवी.

दिवाळीत मांजर दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, यात हट्ट नाही. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६०,००० च्याही पुढचे. ओढून बाहेर काढू नये. आतल्या खोलीत एक खोके, जुनी गोधडी, पाणी आणि ट्रे ठेवून दार लोटून घ्यावे.

मारण्याविषयी

मांजराला मारून काही शिकविता येते काय? कळपातल्या जनावराला वरिष्ठाची नाराजी समजते. एकट्या शिकाऱ्याला मार समजतो तो केवळ संकट म्हणून, आणि त्या संकटाचा वास व चेहरा धन्याचा असतो. तासाभरापूर्वी भिजविलेल्या गादीत नाक घासले तर मांजराला गादी आणि मार यांचा संबंध लागत नाही. माणूस जवळ आला की मान धरली जाते, इतकेच ते शिकते. मग ते माणसासमोर ट्रेमध्येही बसेनासे होते आणि कपाटामागची जागा शोधते. जुन्या दिल्लीतील बल्लीमारान या मोहल्ल्याच्या नावाचा ‘बिल्ली मारणारे’ असा अर्थ गमतीने लावतात. खरे तर बल्ली म्हणजे होडी लोटण्याचा दांडा आणि ते नाव नावाड्यांवरून पडले असे सांगतात. मांजर मारणारे मात्र सर्वच मोहल्ल्यांत आहेत, आणि त्यांच्या घरची मांजरे सुधारलेली दिसत नाहीत.

शेवटी घर बदलण्याविषयी. दिल्ली हे बदल्यांचे शहर आहे. सरकारी नोकर आणि भाडेकरू दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधतात, आणि मांजराच्या बऱ्याच खोडी त्याच महिन्यात सुरू होतात. त्याचा सगळा टापू एका रात्रीत नाहीसा झालेला असतो. नव्या घरी सामानाची उलथापालथ चालू असताना त्याला एकाच खोलीत ठेवावे आणि त्या खोलीत त्याचा जुना, न धुतलेला बिछाना, जुना ट्रे आणि ओरबाडण्याचा खांब आधीच नेऊन ठेवावा. पहिले दोन दिवस ते कोपऱ्यात बसेल, थोडे खाईल. मग भिंतीच्या कडेकडेने फिरेल, वास घेईल. चौथ्या-पाचव्या दिवशी ते कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासताना दिसले की खोलीचे दार उघडायला हरकत नाही.